गार्डाला हार, हाताला मोजा

मी एक जुनी मिलिंग मशीन आहे आणि सध्या रागात आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा सोशिक असतात. माझ्या अंगात अकराशे किलो बीड, म्हणजे ओतीव लोखंड आहे, सोशिकपणा नाही.

पंजाबातल्या एका ओतशाळेत वितळलेलं बीड साच्यात ओतलं आणि मी जन्मले. काही वर्षं गोरेगावात काढली. तिथला गाळा पाडला तेव्हा ट्रकात बसून वसई पूर्वेला, सातिवलीत, सुधाकरशेठच्या कारखान्यात आले. माझं काम समजायला सोपं आहे. दातेरी कटर माझ्या स्पिंडलवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर बसतो आणि गरगर फिरतो. टेबलावर घट्ट आवळलेलं लोखंड त्याच्याखाली सरकतं. दात लागतील तिथलं लोखंड निघून जातं. कटरला लोखंड आणि बोट यांतला फरक कळत नाही. एवढी एक गोष्ट माणसांच्या डोक्यात शिरायला सव्वीस वर्षं पुरली नाहीत.

मी माणसं मोजते. मला नमस्कार करून कामाला लागणारे एकोणचाळीस. त्यांतले सुरक्षा चष्मा डोळ्यांवर लावणारे अकरा. बाकीच्यांचा कपाळावर, बहुधा त्यांना कपाळानेच दिसत असावं. लोखंडाचा कीस हाताने न झाडता ब्रशने झाडणारे सहा. आणि कटर पूर्ण थांबेपर्यंत हात मागे ठेवणारे दोन. त्यांतला एक मुळातच आळशी होता.

डॉमनिक त्या दोघांत नव्हता. पाचूबंदरचा, बावन्न वर्षांचा, माझा सगळ्यात हुशार कारागीर. रविवारी तो लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे छोटं ट्रम्पेट वाजवतो. कॉर्नेटला कळा तीन, त्या दाबायला उजव्या हाताची बोटं तीन. काम चालू असताना तो माझ्या टेबलाच्या कडेवर ती बोटं नाचवतो. येत्या डिसेंबरात त्याच्या लेकीचं, टिफनीचं लग्न आहे.

"पोरगी चर्चमधून बाहेर पडेल तेव्हा मीच वाजवनार, म्हातारे," तो मला सांगायचा. "बाकीचा बँड गप उभा राहील."

मग दसरा आला. कटरभोवती माझं एक पारदर्शक गार्ड असतं. उडणारा कीस ते अडवतं आणि हातालाही अडवतं. पण लेथवर काम करणारा जितेंद्र म्हणाला, "गार्ड काढा, कटर दिसू दे. फोटो मस्त येईल." गार्ड काढलं. त्याला हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि देवाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला टांगलं. शेठनी प्रत्येकाला जाड सुती हातमोजे भेट दिले, सगळे एकाच ढगळ मापाचे.

"शेठ, मशीन चालू असताना पन घालायचे?" डॉमनिकने विचारलं.

"मग काय घरी पापड लाटताना घालणार? सेफ्टी आहे ती."

मला तोंड असतं तर त्या दिवशी शेठचं काही खरं नव्हतं. मोजे धारदार कटर उचलताना, मशीन बंद असताना घालायचे. फिरत्या कटरजवळ मोजा म्हणजे आयतं दोरीचं टोक. एक धागा अडकला की त्यामागे अख्खा हात आत येतो.

दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी अर्नाळ्याच्या एका ट्रॉलरचा शाफ्ट आला. त्यात खाच पाडायची होती आणि ट्रॉलर किनाऱ्यावर खोळंबला होता.

"गार्ड काढून दे रे," डॉमनिक जितेंद्रला म्हणाला.

"काका, ते पूजेतलं आहे. उत्तरपूजा झाली नाय अजून. शेठ गावाला गेलेत."

"आनि ब्रश?"

"तो माझ्या स्कूटरच्या डिकीत. चाक साफ करत होतो."

डॉमनिकने मला सुरू केलं. खाचेत कीस साचला. त्याने मोजा घातलेल्या उजव्या हाताने तो झाडला. धागा अडकला.

माझ्या दातांत मोजा होता. त्यात हात आहे की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. डॉमनिकने डाव्या हाताने लाल बटण ठोकलं. मोजा ढगळ होता म्हणून हात सुटून बाहेर आला. मधल्या बोटाचं नख आणि टोकाची कातडी मात्र माझ्याकडे राहिली.

सोमवारी शेठ परतले. मला वाटलं, आता गार्ड खाली उतरेल. शेठनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि निदान केलं. "मशीन कडक झालीय. नारळ फोडा." नारळ माझ्याच कडेवर आपटला. पाणी माझं टेबल सरकतं त्या पट्ट्यांत गेलं. तिथे गंज धरेल तो वेगळा. बिनगार्डाची मी, दोष माझा, आणि गार्ड खिळ्यावर हार घालून आरामात.

अपघातानंतर बाराव्या दिवशी डॉमनिक आला. बोटाला अंगठ्याएवढी जाड पट्टी. तो थेट भिंतीशी गेला, सुकलेला हार बाजूला ठेवला आणि गार्ड काढलं.

"काका, उत्तरपूजा..." जितेंद्र पुटपुटला.

"माझं बोट गेलं असतं तर त्याची उत्तरपूजा कोन करनार होता? तू?"

शेठ केबिनमधून बाहेर आले. "डॉमनिक, निदान आता तरी मोजे घाला हो."

"घालनार शेठ. कटर बदलताना, मशीन बंद असताना. बाकीच्या वेळी तुमच्या घरी द्या, पापडाला."

शेठ केबिनमध्ये परत गेले. जितेंद्र मुकाट्याने स्कूटरकडे गेला आणि ब्रश घेऊन आला. डॉमनिकने ओल्या फडक्याने कुंकू पुसलं, गार्ड बसवलं, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मला सुरू केलं.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या माझ्यासारख्या मशीनसमोर उभं राहिलंच, तर मला हात जोडू नका. हात मागे ठेवा. कटर थांबलेला दिसेपर्यंत मागेच ठेवा. मला तेवढीच पूजा पोहोचते.

त्या दिवशी काम संपल्यावर डॉमनिकने बटण दाबलं आणि स्पिंडल थांबायची वाट पाहत उभा राहिला. माझा दोनाचा आकडा तीन झाला. वाट पाहताना त्याची बोटं टेबलाच्या लांबच्या कोपऱ्यावर वाजत होती. पहिलं टक्. तिसरं टक्. मधलं मात्र पट्टीतून मऊ, ऐकू येईल न येईल असं.

लग्नाला सहा आठवडे आहेत. तो मधला ठोका कडक वाजेपर्यंत माझा राग उतरणार नाही.