प्रज्ञा कशानं गेली

भागिरथी खुरप्याच्या टोकानं जीपच्या दारावरचा स्टिकर खरवडत होती. स्टिकर अमेरिकेचा, आणि भलताच चिवट. वरचा कागद निघाला तरी खालचा डिंक काही दार सोडायला तयार नव्हता.

“मावशी, हळू. रंग निघंल,” चेतन म्हणाला.

“निघू दे. पैसा काढून घेतला, मग नाव कशाला ठिवायचं त्यांचं?”

चेतन तिच्याच वस्तीतला. शिकून एका सेवाभावी संस्थेत लागला, आणि ही बाळंतिणींना जामखेडच्या दवाखान्यात पोचवणारी जीप त्यानंच धडपड करून गावात आणली. आता तीन महिने त्याला पगार नव्हता, ड्रायव्हरलाही नव्हता, आणि जीप डिझेलवाचून समाजमंदिराच्या भिंतीला टेकून उभी होती. दुपारी नवे पाहुणे येणार होते, युरोपातल्या कुठल्याशा थंड देशातले. त्यांच्यासमोर जुन्या दात्याचं नाव बरं दिसत नाही, म्हणून ही खरवडाखरवड.

“भाषण ठरल्यालंच करायचं ना?” तिनं विचारलं.

चेतननं उत्तर द्यायच्या आधी बोनेटवरची धूळ हातानं पुसली. तेवढ्यावरनंच भागिरथीनं ओळखलं की पोरगं काहीतरी गिळतंय.

“थोडं बदलावं लागंल, मावशी. हे लोक दवाखान्याला पैसे देत न्हाईत. हवामानाला देत्यात. ऊन, दुष्काळ, असं. तवा प्रज्ञा... म्हंजी, उन्हानं गेली असं म्हनायचं.”

खुरपं थांबलं.

प्रज्ञा तिची थोरली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि बाळासकट गेली. त्यानंतरच ही गाडी गावाला मिळाली, आणि गाडी मिळावी, टिकावी म्हणून भागिरथीनं लेकीचं मरण किती देशांपुढं मांडलं होतं. अमेरिकेच्या माणसांना तिचं रडणं लागायचं. डोळ्याला पदर लागला की त्यांचा कॅमेरा जवळ यायचा. जर्मनांना रडण्याचं काही नव्हतं, त्यांना रस्ता किती कच्चा, ओढ्यावर पूल का नाही, आणि गावानं श्रमदान करायची तयारी दाखवली का, हे पाहिजे होतं. तेव्हा प्रज्ञा रस्त्यानं गेली. जपानी आले ते चपला बाहेर काढून, मान लववून. बाळंतपणाच्या खोलीतल्या फरशीकडं बघत राहिले, तेव्हा प्रज्ञा अस्वच्छतेनं गेली. प्रत्येकानं आपापल्या मापाचं मरण तिच्याकडून शिवून नेलं. आणि हिनं शिवून दिलं, कारण गाडी पाहिजे होती.

“अमेरिकेला का रं एकाएकी नको झालं?”

“तिकडं नवं सरकार आलं, एका सहीत बंद केलं. आपल्या मालावर बी टॅक्स बसवला. आमच्या धाकल्या महेंद्रचं नागापूरच्या कारखान्यातलं काम त्यातच गेलं. कंपनीचा माल तिकडंच जायचा.”

“म्हंजी गाडी बी त्यांनीच तोडली आन् भाकर बी त्यांनीच. आन् जर्मनी?”

“त्यांच्या दाराशी लढाई आलीय. आधी तोफा, मग बाकीचं, म्हनत्यात.”

“चीन?”

“चीन देत न्हाई, मावशी. इकतो. आन् इकत घ्यायला आपलं सरकार हूं म्हनत न्हाई, सरहद्दीवर भांडान हाय.”

भागिरथीनं खुरपं जमिनीत खुपसलं. तिच्या अंगाची लाही लाही झाली होती, आणि राग नेमका कोणावर काढावा ते कळत नव्हतं. एवढाले देश, त्यांची भांडणं, त्यांच्या सह्या, आणि सगळ्यांचा निवाडा तिच्या मेलेल्या लेकीच्या उशाशी.

“दिवाळीच्या थंडीत गेली रं ती. दात वाजत हुते माजे. आन् कशानं गेली ते तुला ठाऊक हाय.”

“ठाऊक हाय,” चेतन खाली बघत म्हणाला. “पन त्याला कुठलाच देस पैसे देत न्हाई.”

शेजारच्या ओसरीवर दिपाली मेथी निवडत बसली होती. तिला सातवा लागला होता, पायांवर सूज होती. तिनं इकडं बघितलं आणि पुन्हा मेथीत डोकं घातलं. भागिरथीनं खुरपं उपसलं आणि उरलेला डिंक खरवडायला घेतला.

पाहुणे आले ते दोघं, एक पिकल्या केसांची बाई आणि एक तरुण गडी. ग्रामपंचायतीपुढच्या मांडवात सरपंच अंगदरावांनी त्यांना शाल-नारळ दिला, गाव कसं एका दिलानं राहतं ते सांगितलं, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत ऐसपैस बसले. वस्तीतल्या बाया खाली सतरंजीवर, दिपालीही त्यांच्यात. भागिरथी उभी राहिली. चेतन शेजारी, इंग्रजीत सांगायला.

“माजी लेक पोटुशी हुती,” तिनं सुरुवात केली. “कळा सुरू झाल्या. ऊन... ऊन लई हुतं.”

चेतननं सांगितलं. बाई लिहायला लागली.

“आडात पानी न्हवतं. जमीन भाजत हुती. तिला बाजंवर घातली, चौघांनी उचलली. वाटंत उन्हानं तिचा जीव...”

शब्द तोंडात राखेसारखे लागत होते. पण दिपालीचे सुजलेले पाय डोळ्यांपुढं धरून तिनं रेटलं. झालं असतं, निभावलं असतं. तेवढ्यात अंगदराव खुर्चीत पुढं सरकले.

“व्हय व्हय,” ते मान डोलवत म्हणाले. “त्या साली लई ऊन हुतं. मी सोता पाह्यलंय. बिचारी पोरगी, उन्हानं गेली.”

सतरंजीवरच्या बायांनी माना वर केल्या. त्या पहाटे गावात एकच गाडी होती, ती अंगदरावांच्या दारात उभी. भागिरथी त्यांच्या पायरीखाली हात जोडून उभी राहिली होती, आणि ते म्हणाले होते, तुमची बाळंतीण नेल्यावर सीट कोन धुनार? मी धुईन, ती म्हणाली होती. पाया पडते, आयुष्यभर धुईन. दार लागलं होतं. वस्तीला हे ठाऊक होतं, गावालाही होतं. बोललं कधी कोणी नव्हतं.

“पाह्यलं का, अंगदराव?” भागिरथीनं विचारलं. आवाज चढला नाही, उलट उतरला. “मग मला बी दिसलं हुतं.”

ती चेतनकडं वळली.

“सांग त्यांला. म्हनाव, मावशीनं ऊन डोळ्यांनी बघितलं. गाडीची चावी खिशात घालून दारात उबं हुतं. मी पाया पडले त्याच्या. त्यानं दार लावून घेतलं.”

अंगदराव हसले, पण कोणी साथ दिली नाही. “म्हातारीचं डोकं...” ते म्हणाले आणि थांबले.

पाहुणी बाई चेतनकडं बघत होती. त्यानं जीप उभी होती त्या वस्तीच्या दिशेनं बघितलं, मग दिपालीकडं, मग मावशीकडं. त्याला दुसरं काहीही सांगता आलं असतं, मावशीला कळलं नसतं. तो सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलला. सांगताना त्यानं हात स्वतःच्या खिशाशी नेला, मग दार लावल्यासारखा केला.

बाईचं पेन थांबलं. तिनं वही मिटली नाही. तिनं हळू आवाजात काहीतरी विचारलं.

“मावशी,” चेतन म्हणाला, “बाई इचारत्यात, त्या उन्हाचं नाव काय.”

भागिरथीनं पदर खांद्यावर सारखा केला आणि सतरंजीवर, बायांच्या मध्ये जाऊन बसली.

“मला कशाला इचारत्यात,” ती म्हणाली. “सरपंचांला इचार म्हनाव. त्यांनी सोता पाह्यलंय.”