शेवट गाडीत

खालिदच्या गाडीला एक नियम होता, आणि तो खालिदने केलेला नव्हता. परतीच्या वाटेवर नाटकाचा शेवट सांगून होईपर्यंत कुणीही गाडीतून उतरायचं नाही. नियम मंदाकिनीबाईंचा. वय ब्याऐंशी, मराठीच्या निवृत्त शिक्षिका, मुक्काम सदाशिव पेठ, आणि बसायची जागा कायमची पुढची, ड्रायव्हरशेजारची. मागे बसलं की मळमळतं म्हणायच्या. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मागे बसून खालिदला नाटक सांगता आलं नसतं.

आता ही गाडी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. खालिदची तेरा जणांची व्हॅन. शनिवारी आणि रविवारी सकाळी खडकीहून निघायची, वाटेत एकेक म्हातारं माणूस गोळा करत सदाशिव पेठेतून कोथरूडच्या नाट्यगृहाशी जायची. साडेबाराचा प्रयोग, साडेतीनला सुटका. रिक्षावाले थांबत नाहीत, मुलांना वेळ नाही, गुडघे बसमध्ये चढू देत नाहीत, अशी ही मंडळी. तेरा वर्षांपूर्वी एकदा बाईंना पोचवलं होतं, तेव्हा बाईंनीच हे डोक्यात भरवलं. पाहता पाहता पेठेत तिला 'नाटकाची गाडी' असं नाव पडलं.

पण गंमत अशी, की नाटकाची गाडी चालवणाऱ्या माणसाने एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. व्हॅन लावायला जागा मिळेल तर शपथ! ती उचलून नेऊ नये म्हणून खालिद आतच बसायचा, पोलीस दिसला की एक चक्कर मारून यायचा, आणि नाटक संपायच्या पंधरा मिनिटं आधी बरोब्बर दाराशी येऊन उभा राहायचा. गर्दी सुटल्यावर या बारा जणांनी रस्ता ओलांडायचा म्हणजे संकटच.

आणि मग बाई सुरू व्हायच्या. कर्वे रस्त्यावर पहिला अंक, डेक्कनला मध्यंतर, अलका चौकात सिग्नल लागला की गौप्यस्फोट. मध्येच खालिदला विचारायच्या, "सांग, ती आता काय करेल?" खालिद आठवीत शाळा सोडून गॅरेजमध्ये लागलेला माणूस. त्याला आयुष्यात कुणी असं विचारलं नव्हतं. तो विचार करून उत्तर द्यायचा आणि बाई म्हणायच्या, "नाटककाराला नाही सुचलं हे. मठ्ठ मेला!" घर आलं आणि शेवट व्हायचा असला तर गाडी गल्लीत तशीच उभी. मागून हॉर्न वाजायचे. बाई काच खाली करून सांगायच्या, "एवढी घाई होती तर सकाळीच निघायचं!" आणि काच वर करून पुढे चालू.

अशी दोन-अडीचशे नाटकं खालिदने ऐकली. रात्री जेवताना तो ती हुस्नबानूला, म्हणजे बायकोला सांगायचा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की त्याला वाटायचं, अल्लाने आपल्याला गाडी दिली आणि गाडीत ही बाई बसवली, आणखी काय हवं माणसाला!

त्या बाई एके दिवशी न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झकास झालं. डॉक्टर म्हणाले, आता चाला. बाई काही उठेनात. तीन आठवडे झाले तरी पाय जमिनीला लावायचं नाव नाही. खालिद भेटायला गेला तेव्हा सुनेने, नम्रताने, त्याला दारातच गाठलं.

"खालिदभाई, आपण तरी समजवा. डॉक्टर स्पष्ट म्हणालेत, आणखी महिनाभर अशाच पडून राहिल्या तर पुन्हा कधी उठणार नाहीत. व्यायाम शिकवायला मुलगी येते, तिला रोज हाकलून देतात."

बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. खालिद स्टुलावर बसला. म्हणाला, "बाई, शनिवारी नवीन नाटक आहे."

"पुढच्या सीटवर दुसऱ्या कुणाला तरी बसव."

"बाई..."

"दोन मजले, चौतीस पायऱ्या, लिफ्ट नाही. माझी नाटकं संपली, खालिद. पडदा पडल्यावर उगाच बसून राहायचं नसतं. सभ्य माणसं उठतात आणि घरी जातात."

खालिद उठला. जिना उतरताना त्याने पायऱ्या मोजल्या. खरंच चौतीस होत्या. खाली येऊन तो गाडीत बसला, बाजूच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि चांगला ढसाढसा रडला.

शनिवारचं बाईंचं तिकीट आधीच काढलेलं होतं. एफ अकरा, कडेची खुर्ची. खालिदने ठरवलं, आपण जायचं. नाटक बघायचं, आणि बाईंनी आजवर आपल्याला जसं सांगितलं तसं त्यांना जाऊन सांगायचं. एवढं तर आपण देणं लागतोच. हुस्नबानूला व्हॅनमध्ये बसवलं. "पोलीस आला तर सांग, ड्रायव्हर आत्ता येतोय." तिने विचारलं, "आणि विचारलं, कुठे गेलाय, तर?" खालिद म्हणाला, "सांग, नाटक बघायला." हे ऐकून ती इतकी हसली, की पोलीस असता तर तोही हसला असता.

पहिल्यांदाच आत बसलेला खालिद पहिली दहा मिनिटं नुसता छताकडे आणि दिव्यांकडे बघत होता. मग नाटकाने त्याला धरलं. दोन म्हातारे भाऊ. घराच्या मधोमध भिंत, तीस वर्षं अबोला. त्या भिंतीत आईचं कपाट. त्याला दोन कुलपं, एकेका भावाकडे एकेक किल्ली, आणि दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय ते उघडायचं नाही. आई मरताना एवढंच म्हणालेली, "आहे ते कपाटात आहे." शेवटच्या प्रवेशात थोरला किल्ली घेऊन उठला आणि भिंतीशी आला, तेवढ्यात खालिदने घड्याळ पाहिलं. सव्वातीन. गाडी दाराशी न्यायची वेळ! सवयीने तो उठला आणि वाकून बाहेर निघून गेला.

परत येताना मागे बसलेल्या श्रीनिवासरावांनी तोंड उघडलं, "पण त्या कपाटात शेवटी..."

"थांबा!" खालिदने इतक्या जोरात ब्रेक दाबला, की मागची सगळी मंडळी पुढे आली. "बाई नसताना माझ्या गाडीत शेवट नाही सांगायचा. कुणीच नाही. अडीचशे शेवट मी त्यांच्या तोंडून ऐकलेत. हा दुसऱ्याच्या तोंडून नाही ऐकणार."

मागे कुणी तरी नाक ओढलं.

रविवारी सकाळी तो बाईंकडे गेला आणि नाटक सांगायला बसला. भलतंच वाईट सांगितलं. धाकट्याचं काम थोरल्याला दिलं, मध्यंतर विसरला. बाई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "दोन भाऊ आहेत की तीन?" मग, "कपाट होतं तर लोहाराला बोलवायचं!" मग हळूहळू कूस वळली. खालिद शेवटच्या प्रवेशाला आला. थोरला किल्ली घेऊन उठला, भिंतीशी आला. आणि खालिदही उठला.

"कुठे चाललास? कपाटात काय निघालं?"

खालिद क्षणभर गोंधळला. मला ठाऊक नाही, असं म्हणायला त्याने तोंड उघडलंही होतं. पण बाईंनी उशीवरून डोकं उचललं होतं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"शेवट गाडीत, बाई. नियम आहे."

"नालायका! नियम माझा आहे!"

"म्हणूनच पाळतोय."

त्यानंतर बाईंनी फोनवरून अख्ख्या गाडीला फैलावर घेतलं. कुणी बधेना. श्रीनिवासराव तर म्हणाले, "मंदाकिनीबाई, मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं काढली. तिथलं काही बाहेर बोललो नाही, तर कपाटातलं काय बोलणार?" बाईंनी फोन आपटला आणि नम्रताला हाक मारली. "त्या व्यायामवाल्या मुलीला बोलाव. आणि तिला सांग, गोड बोलायचं नाही. मला राग येतो."

पहिल्या दिवशी दोन पावलं. मग खोलीच्या दारापर्यंत. मग वॉकर, मग काठी, मग एक पायरी, मग सात. खालिद दर रविवारी यायचा आणि बाई दर रविवारी विचारायच्या, "काय निघालं?" तो म्हणायचा, "गाडीत." बाई त्याला शिव्या घालायच्या आणि नम्रता स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसायची, आणि कधी कधी रडायची.

सातव्या आठवड्यातल्या शनिवारी त्याच नाटकाचा पुन्हा प्रयोग होता. सकाळी अकराला बाई चौतीस पायऱ्या उतरल्या. एका बाजूला नम्रता, दुसऱ्या बाजूला खालिद. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी आणि दारात माणसं. "तमाशा आहे का?" बाई म्हणाल्या, पण उतरत राहिल्या. गाडीत पुढच्या सीटवर टेकल्या, श्वास घेतला आणि काठी खालिदच्या दिशेने रोखली.

"सांग."

खालिदने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "बाई, मला ठाऊक नाही."

"काय?"

"शेवटी उठून गाडी आणायला गेलो. नंतर कुणाला सांगू दिलं नाही. तुमच्याशिवाय ऐकायचं नव्हतं."



"म्हणजे," बाई एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "ज्या शेवटासाठी मी चौतीस पायऱ्या उतरले, तो तुला माहीतच नाही?"

"नाही, बाई."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. तो पुन्हा ओला झाला. "खोटारड्या," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पार बदलला होता. "गाडी काढ. उशीर होईल."

एफ अकरा आणि एफ बारा. हुस्नबानू व्हॅनमध्ये. थोरला किल्ली घेऊन भिंतीशी आला. सव्वातीन वाजले आणि सवयीने खालिद अर्धा उठला. बाईंनी त्याची बाही धरली. "बस खाली. म्हातारे थांबतील." तो बसला.

दोन किल्ल्या फिरल्या. कपाट उघडलं. रिकामं होतं. "तू काढलंस!" थोरला ओरडला. "तूच काढलंस!" धाकटा ओरडला. आणि कपाटाच्या दोन बाजूंनी ते दोघे भांडत राहिले, तीस वर्षांनी, एकमेकांशी बोलत. पडदा पडला. खालिद मुसमुसत होता आणि बाईंनी त्याची बाही अजून सोडलेली नव्हती.

परतीच्या वाटेवर डेक्कन गेलं, अलका चौक गेला, सांगायला काही उरलंच नव्हतं. गाडी बाईंच्या दाराशी थांबली. बाई उतरल्या नाहीत.

"मग? कसं वाटलं?"

खालिदने प्रामाणिकपणे विचार केला. "खरं सांगू, बाई? तुम्ही सांगता तेव्हा जास्त चांगलं असतं."

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "आता दार उघड. पायऱ्या चढायच्या आहेत."