यंत्रात दोष नाही

त्या सकाळी बाबांनी माझ्या सेलचे इवलेसे दार लोटले, मी जागे झाले आणि त्यांनी मला कानात बसवले. सर्वांत आधी कप बशीवर टेकल्याचा आवाज आला. मग वर्तमानपत्राची घडी मोडली. मग बाबा खाकरले. ते खाकरले की निकाल सुरू झाले, असे घरात समजत.

"ऐक," ते मुलीला म्हणाले. "बँक शाखा बंद करणार. सगळी कामं म्हणे फोनवरून करा. आणि अडचण आली तर? जवळच्या शाखेत या. छापलंय तसं, मी मनचं सांगत नाहीये."

"हो बाबा."

"ही दुसरी. बिनचालकाची टॅक्सी खांबावर आदळली. कंपनी न्यायालयात सांगते, खांब आमच्या नकाशात नव्हता. म्हणजे खांबानं तिथे उभं राहायला नको होतं."

"खरंय," मुलगी म्हणाली आणि हसली. ती पावाला लोणी लावत होती. सुरीची खरखर मला स्पष्ट ऐकू येत होती.

मित्रांनो, या सगळ्या आवाजांच्या खाली आणखी एक आवाज होता. दबका आणि ठेक्यातला. भिंतीपलीकडे कुणी लाकडावर रंधा मारत असावे तसा. हुश्श, आणि थांबून परत हुश्श. तो खोलीतून येत नव्हता. तो कुणाचा, यावर घरात बरेच दिवस वाद चालू होता. वाद मिटायची वेळ अगदी जवळ आली आहे, हे त्या सकाळी त्या टेबलाशी बसलेल्या कुणालाच माहीत नव्हते.

मी एक श्रवणयंत्र आहे. आता जुने झाले आहे. आकाराने शेंगदाण्याएवढे, आणि मला डोळे नाहीत. तुम्हाला जे सांगते आहे ते सगळे ऐकलेले आहे.

माझा जन्म एका अतिशय शांत खोलीत झाला. तिथे कुणी मोठ्याने बोलत नसे. माझ्यात बारीक तारा जोडणाऱ्या बाई काम करताना गुणगुणत, तोच मी ऐकलेला पहिला आवाज. मग बारीक, जाड, चिरके असे नाना सूर वाजवून माझी परीक्षा घेतली गेली. मी पास झाले. मला डबीत बंद केले, आणि डबी उघडली तेव्हा मी एका दुकानात होते. दुकानातल्या बाईंनी बाबांच्या कानाचा साचा घेऊन मला त्यात नेमके बसवले होते.

"आता ऐकू येतंय?" त्यांनी विचारले.

"येतंय. पण तुम्ही ओरडू नका," बाबा म्हणाले.

त्या मुळीच ओरडत नव्हत्या.

घरी आल्यावर बाबा दिवसभर एकेका आवाजाची चौकशी करत राहिले. हे काय वाजतंय? नळ. आणि हे? तुमचीच खुर्ची. रात्री जेवताना ते म्हणाले, "तुम्ही सगळे इतकी वर्षं इतक्या हळू बोलत होतात, हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगत होतो बाबा," मुलगी म्हणाली. "तुम्हाला ऐकू येत नव्हतं."

सगळे हसले. बाबाही. मला वाटते, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस होता.

बाबा विमा कंपनीत होते. अपघात झालेल्या गाड्या तपासायच्या, पत्रा कुठे चेपला, ब्रेक कुणी दाबला नाही हे बघायचे आणि दोष कुणाचा ते लिहून द्यायचे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. निवृत्तीनंतर गाड्या यायच्या बंद झाल्या, म्हणून ते बातम्या तपासू लागले. नवे यंत्र, नवा कायदा, एका कंपनीने दुसरी गिळली, काहीही असो. बातमी वाचून होईपर्यंत दोष कुणाचा हे त्यांचे ठरलेले असे.

त्यांच्याशी वाद घालायला रोज एक माणूस येई. त्यांचे धाकटे भाऊ. मुलगी त्यांना काका म्हणे. ते स्वतः वर्तमानपत्र घेत नसत.

"दादा, तू प्रत्येक नव्या गोष्टीला शिव्या घालतोस."

"आणि तू प्रत्येक नव्या गोष्टीचे शेअर घेतोस. मग आपल्यात शहाणा कोण?"

"दोघंही नाही," काका म्हणत. "पान उलट."

काकांनी मला बनवणाऱ्या कंपनीचेही थोडे शेअर घेतले होते. म्हणून बाबा मुलीशी बोलताना मला "तुझ्या काकांची नोकर" म्हणत. पण रात्री मला मऊ फडक्याने पुसत आणि कधी काकांना सांगत, "हिच्याकडून शीक जरा. सगळं ऐकून घेते आणि उलट बोलत नाही."

उलट न बोलणारे घरात आणखी कुणी होते. मुलगी एका ग्रंथालयात काम करी, तिचा आवाज मुळात बारीक. लहानपणी कधीतरी तिने बाबांना विरोध करून पाहिला असेल. बाबांशी वाद म्हणजे सकाळचा विषय रात्री भांडी आवरेपर्यंत. तेव्हा ती "हो बाबा" म्हणायला शिकली. तिला ते सोपे पडे आणि बाबांना गोड वाटे. पण मित्रांनो, मी बोलणे मोठे करून ऐकवते, तसा बोलण्याआधी घेतलेला श्वासही मला मोठा ऐकू येतो. तिचा एक श्वास माझ्या चांगल्या ओळखीचा होता. काहीतरी सांगायला घेतलेला आणि न सांगता सोडून दिलेला. बाबांना तो कधी ओळखता आला नाही. त्यांना वाटे, ती दमली असेल.

मग तो आवाज आला.

एके दुपारी बाबांनी मला काढले, झटकले, पुन्हा घातले. "हे घासतंय काहीतरी," ते म्हणाले. सेल बदलला. तरी आवाज होताच. मला माहीत होते की तो माझा नाही. माझे तोंड बाहेरच्या बाजूला आहे आणि तो आवाज माझ्या पाठीमागून येत होता, आतून, बाबांकडून. पण मी बाहेरचे आत नेते. आतले बाहेर सांगायची सोय माझ्यात कुणी केलेली नाही.

त्याच सुमारास बातमी आली. माझ्या कंपनीने कबूल केले होते की काही यंत्रांत खरखरीचा दोष निघाला आहे, आणि सरकारी खात्याने तिला दंड केला होता. बाबांनी ती बातमी उभ्याने वाचली. त्यांच्या आवाजात इतका उत्साह मी कधी ऐकला नव्हता.

"काय म्हणत होतो मी? सांग तुझ्या काकांना. शेअर विका म्हणावं."

"दादा, त्यात तुझं यंत्र आहे असं कुठे लिहिलंय?" काका म्हणाले.

"घासतंय की नाही? बातमीत खरखर, माझ्या कानात खरखर. आणखी काय पुरावा पाहिजे तुला, फोटो?"

काकांना आपल्या शेअरांची लाज वाटत होती, म्हणून त्या दिवसापासून त्यांनी या विषयावर वाद घालणेच सोडले. घरात बाबांना अडवणारा एकच माणूस होता आणि तोही आता गप्प झाला.

मुलीने मला आणि बाबांना त्या दुकानात नेले. बाईंनी मला तारा लावून पुन्हा सगळे सूर ऐकवले. मी एकेका सुराला नीट उत्तर दिले.

"यंत्रात दोष नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच बाबांना विचारले, "आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येतो का? मनगटावर बोट ठेवून बघा बरं."

"मी गाड्या तपासल्यात बाई, माणसं नाही."

"तरी एकदा डॉक्टरांना दाखवा. लवकर दाखवा."

दुकानाच्या पायऱ्या उतरताना बाबा हसत होते. "बघितलंस? यंत्र विकताना म्हणाले तुमचा कान वाईट. यंत्र बिघडलं तर म्हणतात तुमची नाडी वाईट. कंपनीचा पगार खाणारा माणूस दुसरं काय बोलणार. मी काय कमी वर्षं खाल्लाय?"

मुलीने तो श्वास घेतला. या वेळी तो लांब होता.

"बाबा."

"काय?"

"काही नाही. पायरी ओली आहे, सांभाळून."

त्यानंतर ती एकदोनदा म्हणाली, डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का. बाबा म्हणाले, आधी तक्रार, मग डॉक्टर, नाहीतर कंपनी म्हणेल आजारी माणूस आहे, आजाराचं खापर आमच्यावर फोडतोय. हा हिशेब त्यांना आतून माहीत होता. असे कित्येक दावे त्यांनी स्वतः याच मुद्द्यावर फेटाळले होते. मुलगी म्हणाली, "हो बाबा."

आता मी पुन्हा त्या दिवसाकडे येते. पाव, लोणी, बँक, टॅक्सी आणि खांब, तोच दिवस. संध्याकाळी बाबांनी मुलीला ग्राहक न्यायालयाला द्यायची तक्रार लिहायला बसवले. ते येरझाऱ्या घालत सांगत होते आणि तिचे पेन कागदावर चालत होते. त्यांच्या कानातला रंधा त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा जोरात होता. मध्येच ते थबकत, खुर्चीची पाठ धरत. खुर्ची करकरे. मग पुढे सांगत.

"लिही. सदर यंत्र काढून ठेवल्यावरही तक्रारदारास हा आवाज ऐकू येतो."

पेन थांबले.

मला काढून ठेवल्यावरही. मित्रांनो, मी डबीत निजलेले असताना, माझे दार उघडे आणि सेल बंद असताना तो आवाज बाबांना ऐकू येत होता. त्या वाक्यात माझी सुटका होती. आणि बाबांवर येणारे संकटही त्याच वाक्यात होते.

"हे वाक्य ठेवायचं?" मुलीने विचारले. तिचा आवाज इतका बारीक होता की तो पोचवायला मला माझी सगळी ताकद लावावी लागली.

"तेच तर मुख्य आहे. माझा कान कायमचा बिघडवला, याचा पुरावा आहे तो."

तिने श्वास घेतला. मी वाट पाहिली. खोलीत दुसरा कुठलाच आवाज नव्हता, फक्त तो रंधा.

"हो बाबा," ती म्हणाली, आणि पेन पुन्हा चालू लागले.

झोपायच्या आधी बाबांनी मला पुसले. "उद्या तुझ्यावर खटला," ते मला म्हणाले. "मनाला लावून घेऊ नकोस. भांडण तुझ्याशी नाही, तुझ्या मालकांशी आहे." मग माझे दार उघडले आणि मला काहीच ऐकू येईनासे झाले.

सकाळी मला कुणी उठवले नाही. त्यानंतरही बरेच दिवस नाही.

माझे दार पुन्हा लोटले गेले तेव्हा ती बोटे बाबांची नव्हती. मी मुलीच्या तळहातावर होते. काका बोलत होते, सावकाश, शब्द शोधत.

"डॉक्टर म्हणाले मला. मानेतली शीर बुजत आली होती. रक्त त्या चिमटीतून जाताना घासतं, आणि काहींना ते ऐकू येतं. पहाटे तिथलाच एक कण सुटला, मेंदूत जाऊन बसला आणि दादा गेला." ते थांबले. "वेळेवर कळलं असतं तर इलाज होता, म्हणाले. मी विचारायलाच नको होतं."

मुलीने बोटाने माझ्यावरची धूळ पुसली.

"हे यंत्र देऊन टाकायचं का परत? कंपनी सगळ्यांना बदलून देतेय. आजच्या पेपरात आहे."

"नको."

"अगं, ठेवून काय करणार?"

"काका, तुम्ही पेपर घेऊन जा," ती म्हणाली. "सावकाश वाचा घरी."

वर्तमानपत्राची घडी झाली. काकांची पावले दारापर्यंत गेली, तिथे रेंगाळली, आणि दार लागले.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रे कोरडी ठेवा, रोज पुसा, सेल वेळेवर बदला. इतकी काळजी आम्हाला पुरते. माणसाला ती पुरत नाही. घरात काही घासू लागले, करकरू लागले, तर छापून आलेला दोष हाताशी आहे म्हणून तोच खरा धरू नका. आणि ज्याच्यावर तुमची माया आहे त्याला प्रत्येक वेळी "हो" म्हणू नका. मी कुणाला उलट बोलू शकत नाही, कारण मला तसे बनवलेच नाही. तुमचे तसे नाही.

खुर्ची करकरली. मुलगी बाबांच्या जागेवर बसली होती. तिने मला मुठीत धरले तशी मी शिट्टी मारू लागले. कोंडले की मी तशी शिट्टी मारते. तिने मूठ सैल केली, मला ओठांजवळ नेले. आणि मग ती बोलली, ग्रंथालयातल्या आवाजात नाही, चांगल्या मोठ्या आवाजात. माझ्या मदतीशिवायही तो बाबांना ऐकू गेला असता.

"नाही बाबा. तुमचं चुकतंय. यंत्र चांगलं आहे. तो आवाज तुमच्यातून येतोय, आणि मला भीती वाटतेय. ती तक्रार राहू दे. उठा, बूट घाला. आपण आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जायचंय."