मल्लाप्पांनी बघितलेला घाट

शनिवारी सकाळी साडेसातला पवित्रा बिल्डिंगच्या खाली उतरली, तेव्हा गाडीच्या पुढच्या सीटवर तिचे सासरे बसले होते. मांडीवर रेक्झिनची काळी पिशवी, डोक्याला कानटोपी, आणि सीटचा पट्टासुद्धा लावून तयार.

एका हातात खाऊची पिशवी आणि दुसऱ्या हाताला साडेतीन वर्षांचा शरण, अशी ती तशीच उभी राहिली. ठरलं होतं वेगळंच. ती, तिचा नवरा संगमेश आणि दोन पोरं दोन दिवस गगनबावड्याला जाणार होती. मामा, म्हणजे सासरे, तेवढे दोन दिवस कबनूरला, मुलीकडे, रक्षिताकडे राहणार होते. एवढं ठरवायलाच तीन आठवडे गेले होते. पवित्रा राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये रक्ततपासणीचं काम करायची. नवरात्रापासून तापाचे पेशंट इतके, की एक रविवार तिला धड मिळाला नव्हता. संगमेश शिरोलीच्या फौंड्रीत, त्याची पाळी दर आठवड्याला बदलायची. लांब कुठं जाणं जमणारं नव्हतं, म्हणून गगनबावडा. फुलेवाडीतल्या त्यांच्या घरापासून सरळ एक रस्ता, दीड तासाची वाट.

"मामा, तुम्हाला सोडायला विजयसिंह येणार होता ना?" तिनं विचारलं. विजयसिंह म्हणजे शेजारचा रिक्षावाला.

"त्याला नको म्हणून सांगितलं," मल्लाप्पा म्हणाले. "रक्षीच्या घराला लागूनच कारखाना हाय. रात्रंदिवस मागांचा खडखडाट. मला तिथं झोप लागत न्हाय. त्यापरास तुमच्यासंगट येतो की. काय अडचण हाय?"

अडचण काय आहे, हे तोंडावर कसं सांगणार? पवित्रानं नवऱ्याकडं पाहिलं. संगमेश डिकीत डोकं घालून बॅगा इकडच्या तिकडं करत होता. म्हणजे त्याला आधीच कळलं होतं.

सहा वर्षांची वचना मात्र टाळ्या वाजवत सुटली. "अज्जा येणार! अज्जा येणार!"

पवित्रा मुकाट्यानं मागं बसली.

मल्लाप्पा एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. त्यातली शेवटची अठरा वर्षं कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे कोकणात उतरणारी गाडी त्यांच्याकडं होती. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी रत्नव्वा गेल्या आणि तेव्हापासून म्हातारा माणूस घरात बसून घड्याळावर जगायचा. साडेपाचला चहा, अकराला जेवण, संध्याकाळी फाटकाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघणं. स्वभाव वाईट नव्हता. पण दोन दिवस कुणाचा चहा नको, कुणाची वेळ नको, एवढीच पवित्राची इच्छा होती.

बालिंग्याचा पूल ओलांडला आणि मल्लाप्पांनी गाडीचा ताबा घेतला. स्टिअरिंग संगमेशच्या हातात, पण गाडी चालवत होते तेच.

"कळं गाव आलं. हळू घे. हितं शाळेची पोरं आडवी येत्यात."

"आप्पा, आज शनिवार हाय."

"शनवारी सकाळची शाळा असती."

आणि खरंच, पुढच्या वळणावर दप्तरं पाठीला लावलेली दहा-बारा पोरं रस्ता ओलांडत होती. संगमेशनं ब्रेक दाबला. मल्लाप्पांच्या मानेवरूनच पवित्राला कळलं, की ते खूश झालेत.

असळज मागं पडलं, वळणं सुरू झाली, आणि शरणनं सकाळचं सगळं दूध पवित्राच्या मांडीवर ओतलं. गाडी थांबली. पाणी, टॉवेल, रडारड.

मल्लाप्पांनी मागं वळून न बघताच सांगितलं, "त्याला मधी बसीव. समोरचा रस्ता दिसला पायजे. खिडकीतनं बघितलं की पोटात ढवळतंय." आणि काळ्या पिशवीतून चिरलेल्या लिंबाचा डबा काढून मागं दिला. शरणनं फोड चोखली, तोंड वेडंवाकडं केलं, आणि नंतरच्या सगळ्या वळणांत गुपचूप बसला. उपाय लागू पडला, याचाच पवित्राला जास्त राग आला.

उतरायची सोय बाळासो आणि विठाबाई या नवराबायकोच्या घरी केली होती. गावाच्या थोडं बाहेर कौलारू घर, पाहुण्यांसाठी मागं बांधलेल्या दोन खोल्या, पलीकडं पिवळं पडत चाललेलं भात. विठाबाईंनी माणसं मोजली.

"पावणं, एक माणूस वाढलं व्हय? वाढू दे की! मी दोन भाकऱ्या जास्त थापतो."

दुपार चांगली गेली. शेताच्या कडेनं एक ओहोळ होता, पोरांच्या गुडघ्याएवढ्या पाण्याचा. वचनानं त्यात दगडांचा बांध घातला, शरणनं तो पाडला, तिनं परत घातला. संगमेश पँट दुमडून पाण्यात उतरला आणि स्वतःच बांध घालायला लागला, इतका रमला की पोरं कंटाळून निघून गेलेली त्याला कळली नाहीत. पवित्रा काठावर पाय सोडून बसली. नाचणीची भाकरी, झुणका आणि ताकानं तिचे डोळे जड झाले होते. मल्लाप्पा मात्र घराच्या पुढं, रस्त्याकडं तोंड करून खुर्ची टाकून बसले होते. अधूनमधून त्यांचा आवाज यायचा.

"ही यष्टी आली. सात मिन्टं उशीर."

संध्याकाळी सगळे घाटमाथ्यावर दरी बघायला गेले. मोटारीनं जेमतेम पाच मिनिटं. पण त्या पाच मिनिटांत मल्लाप्पांनी चार वेळा हॉर्न द्यायला लावला. गाडी कडेला लावली, पोरं उतरली, लोखंडी कठड्याकडं धावली. संगमेश त्यांच्या मागं पळाला. मल्लाप्पा जागचे हलले नाहीत.

"या तुम्ही बघून. मी हाय गाडीपाशी."

पवित्राचं अर्धं अंग गाडीबाहेर होतं. सकाळपासूनचं सगळं तिच्या तोंडाशी आलं.

"मामा, घरात बसून तुम्ही गाड्याच बघता, इथं येऊनही गाड्याच बघताय. सकाळपासून रस्त्यावरची नजर काढली नाहीत. एवढं आलाय तर उतरून दरी तरी बघा की! नाहीतर आलाय कशाला?"

बोलून गेल्यावर तिला कसंतरी झालं. लग्न होऊन आल्यापासून नऊ वर्षांत ती त्यांच्याशी असं बोलली नव्हती. मल्लाप्पांनी कानटोपी काढली, मांडीवर ठेवली.

"पवित्रा, अठरा वर्षं ह्या घाटातनं गाडी काढली," ते म्हणाले. "पण दरी कवा बघितली न्हाय."

"म्हणजे?"

"बघायची कवा? मागं पन्नास माणसं बसल्याली असायची. पहिल्या दिवशी घाट शिकवणाऱ्या वस्तादानं सांगितलं, दरी म्हणून काय न्हायच समजायचं. रस्ता तेवढा हाय. मग मी तसंच समजलो. आता उतरून कठड्यापाशी जायचं म्हटलं तर पाय उचलत न्हाय."

वचना त्यांना बोलवायला परत आली होती. तिनं दारातूनच विचारलं, "अज्जा, तुला भीती वाटती?"

पवित्राला वाटलं, आता ते पोरीवर डाफरणार. मल्लाप्पा म्हणाले, "व्हय. वाटती."

तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं आणि बघता बघता कठडा, संगमेश, शरण, सगळं पांढरं झालं. त्या दिवशी दरी कुणालाच दिसली नाही. परतताना हॉर्न द्यायला कुणी सांगितलं नाही. पवित्राला ते बरं वाटलं नाही.

रविवारी सकाळी तिला जाग आली ती पलीकडच्या खोलीतल्या बोलण्यानं.

"मी धरतो की तुझा हात," वचना सांगत होती. "घट्ट धरतो. मग बघ तू. थोडंसंच बघ."

"आणि तूच पडलीस म्हंजे?"

"मग आई तुझा हात धरंल. आई लई घट्ट धरती."

पवित्रानं चेहऱ्यावर पाणी मारलं, शाल घेतली. संगमेश आणि शरण एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपले होते. त्यांना तिनं उठवलं नाही. तिघं चालतच निघाली. आजोबा मध्ये, एका बाजूला नात, एका बाजूला सून. धुकं इतकं दाट, की समोरून येणारी म्हैस अंगावर आल्यावरच कळली.

कठड्याच्या अलीकडं चहाची टपरी होती. पलीकडं नुसता पांढरा पडदा.

"काही दिसायचं नाही आज," पवित्रा म्हणाली. "जाऊया का परत?"

"थांब. साडेआठपतुर थांब."

"कशावरून?"

"दिवाळीच्या आधी ह्या दिवसांत साडेआठला मी हितं आलो की गाडीच्या लायटी बंद करायचो," मल्लाप्पा म्हणाले. "म्हंजे तेवढ्याला धुकं उठतंय."

तिघांनी टपरीवर चहा घेतला, वचनाला बिस्किटाचा पुडा. मल्लाप्पा दरीकडं पाठ करून बाकावर बसले. पवित्रा त्यांना दुसरंच काही विचारत राहिली, पहिली गाडी कोणती, कंडक्टर कोण असायचा, आणि ते सांगत राहिले. हंबीरराव नावाचा कंडक्टर होता, त्याला गाडीत बसल्या बसल्या झोप लागायची, पण कुणाचा स्टॉप चुकला नाही कधी.

आठ पस्तीसला उजव्या अंगाला धुक्याला भोक पडलं. त्यातून आधी एक हिरवा उतार दिसला, मग त्याच्या खाली दुसरा, मग त्याच्याही खाली तिसरा. दूध निवल्यावर साय बाजूला सारावी तसं धुकं हलकेच सरकत गेलं. वचनानं आजोबांचा हात ओढला. मल्लाप्पा उठले. एक पाऊल, दुसरं, आणि मग कठड्याचा गार लोखंडी दांडा त्यांच्या मुठीत आला. दुसऱ्या दंडाला पवित्रानं धरलं.

ते वाकून खाली बघत राहिले.

"एवढं खोल व्हतं?" शेवटी त्यांनी विचारलं, जसं काही पवित्रानंच ते लपवून ठेवलं होतं. "हितनं? माझ्या चाकापासनं चार हातावर?"

"हो मामा."

"बरं झालं बघितलं न्हाय!"

आणि ते हसायला लागले. पोट धरून, खोकला येईपर्यंत हसले. टपरीवाला बाहेर येऊन बघायला लागला. वचनाला काही कळलं नाही, पण तीही हसली, आणि पवित्राला तर हसू आवरेना.

खाली, दोन डोंगरांच्या मध्ये, दोऱ्यासारख्या रस्त्यावर एक लाल ठिपका वर चढत होता.

"अज्जा, तू ह्याच्यातनं यायचास?"

"ह्याच्यातनंच. ते वळण बघ, तिथं पैल्या गिअरला यावं लागतंय. त्याच्या वरचं, तिथं पावसात दगड येत्यात." बोट दाखवता दाखवता त्यांचा कठड्यावरचा हात कधी सुटला, त्यांनाही कळलं नाही. मग त्यांचं बोट उतारावरच्या झाडांवर थांबलं.

"तुझी सासू एकदा आलती गाडीत," ते पवित्राला म्हणाले. "वैभववाडीला, तिच्या मैत्रिणीकडं. खिडकीला बसलीती. घरी आल्यावर सांगायली, खाली झाडं कोथिंबिरीच्या जुडीगत दिसत्यात. मी म्हटलं, काय तर सांगतीस. ती म्हणाली, तुम्ही बघा एकदा, मी धरतो गाडी तवर." त्यांनी खाली बघितलं. "खरंच तशीच दिसत्यात की गं."

पवित्रानं त्यांचा दंड सोडला नाही. रत्नव्वांना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि इतक्या दिवसांत मामा त्यांच्याबद्दल आपणहून बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं. मग तिनं विचारलं, "अजून काय म्हणाल्या होत्या अव्वा?"

तिथून घरापर्यंत मल्लाप्पा तेच सांगत आले. रत्नव्वांनी गाडीत शेजारच्या बाईला अर्धी शिदोरी कशी वाटली, उतरताना सगळ्यांच्या देखत "ड्रायव्हर, गाडी चांगली चालवता हं" असं कसं म्हणाल्या, आणि हंबीररावला ही ड्रायव्हरची बायको आहे हे माहीत नसल्यामुळं तो कसा चिडला.

जेवणं झाल्यावर मल्लाप्पांनी दोन्ही पोरांना दोन बाजूंना घेतलं.

"तुम्ही दोघं पडा जरा. ह्यास्नी मी बघतो. चारला निघायचं, तवर हाक मारू नका."

संगमेशनं बायकोकडं पाहिलं. "आप्पांनी पोरं सांभाळायची म्हंजे..."

"सांभाळतील," पवित्रा म्हणाली आणि आडवी झाली.

ती झोपली ती गाढ. उठली तेव्हा ऊन कलंडून खोलीच्या मधोमध आलं होतं आणि घड्याळात सव्वाचार वाजले होते. ती दचकून बाहेर आली. मामांची वेळ चुकली होती, आणि कुणी ओरडत नव्हतं.

ओहोळाच्या काठावर बाळासो विळ्याला धार लावत बसले होते. मल्लाप्पा धोतर गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभे होते आणि त्यांच्या पुढं दोन्ही पोरं चिखलात रस्ता करत होती, वळणावळणाचा, डोंगरावर चढणारा. शरणच्या हातात गाडी म्हणून कसलीशी शेंग होती.

"तिकडं न्हाय, हिकडं बघ की," मल्लाप्पा त्याला सांगत होते. "खाली बघ, किती खोल हाय!"

विठाबाईंनी चहाचा पेला आणून पवित्राच्या हातात दिला. "बोलवू काय त्यांस्नी? उशीर हुतोय न्हवं तुमाला?"

"नको," पवित्रा म्हणाली. ती पायरीवर बसली, पेला दोन्ही हातांत धरला. "खेळू दे. जाऊ की निवांत."