दीड सेकंद

विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देणारा बोलका डबा बनवायचं कंपनीतलं काम ताईकडे होतं, पण खऱ्या चाव्या पाच पोरांच्या हातात. त्यांच्या घरी एकेक डबा पाठवलेला. दर बुधवारी पाचही जण व्हिडिओ कॉलवर ताईच्या पडद्यावर जमत, डब्याला प्रश्न विचारत आणि ताईच्या चुका काढत. एकाने डब्याला टोपीच हवी म्हणून हट्ट धरला. एकीने तो कपाटात कोंडला, म्हणाली, "खोटारडा आहे!"

पडद्यावरची नावं ज्याची त्याने ठेवलेली. डायनोसॉर, मुख्याध्यापक, बटाटा, नको, आणि दोन वेण्यांची एक आठ वर्षांची मुलगी, तिचं नाव 'नेटवर्क गेलं'. ते वाचून ताई बिचारी तिसऱ्या बुधवारपर्यंत वाट बघत बसायची, वायरी हलवायची. शेवटी मुख्याध्यापकाला राहवलं नाही.

"ताई, अहो, ते नाव आहे तिचं!"

सगळी खो-खो हसली. ताईही हसली. "असलं कसलं गं नाव?"

मुलीला शब्द यायला वेळ लागला. "मी अ-अडखळले की लोक माझं व-वाक्य संपवतात. नेटवर्क गेलं वाटलं की थ-थांबतात."

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. डबाही असाच मध्ये तोंड घालायचा. दीड सेकंद शांतता झाली की "मला समजलं नाही" म्हणून मोकळा! दीड सेकंद हा ताईच्या साहेबांचा लाडका आकडा. शुक्रवारी ते स्वतः डबा बघणार होते. डबा चटपटीत वाटला तर पुढे, नाहीतर थेट अडगळीत.

"थांबायला शिकवलं, तर साहेब त्याला मठ्ठ म्हणतील रे," ताई म्हणाली.

"आमचं बोलून झालं की आम्ही टपली मारू," 'नको' नावाचा मुलगा म्हणाला. "तोवर त्याने तोंड उघडायचं नाही."

साहेबांना न विचारता ताईने दोन दिवस खपून डबा तसा केला. नोकरी जायची भीती वाटत होती, पण त्या मुलीपुढे पुन्हा तोच डबा ठेवायची तिला लाज वाटत होती.

शुक्रवारी साहेब ताईशेजारी येऊन बसले आणि पडद्यावरून मुलीने सुरुवात केली. "ह... ह..."

"हवामान?" साहेब म्हणाले.

"शू!" चौघं एकदम ओरडली. साहेब दचकून गप्प झाले.

"ह-हत्तीला गु-गुदगुल्या होतात का?" मुलीने टपली मारली.

"मला माहीत नाही," डबा म्हणाला.

"इतकं थ-थांबून एवढंच?" मुलगी भडकली आणि तिने डब्याला फैलावर घेतलं. टोपीपासून खोटेपणापर्यंत सगळं काढलं, कुठे अडत, कुठे धावत. चार मिनिटं झाली. मध्ये कुणी ब्र काढला नाही. ताईचे डोळे भरून आले होते, तरी ती एकेक शब्द लिहून घेत होती.

मुलीने श्वास घेतला. साहेबांनी जरा बिचकतच विचारलं, "झालं का बाळा?"

"न-नाही."

साहेब खुर्ची पुढे ओढून बसले.