चपलांची तोंडं

"मामा, श्वास धरा म्हटलं की धरायचा. मध्येच आवाज कसले काढताय?"

"ढेकर होता ताई," बोगद्यातून उत्तर आलं.

"सकाळपासून उपाशी माणसाला ढेकर?"

"हवेचा! हवा तर फुकट आहे ना?"

मी माइकचं बटण सोडलं आणि एकटीच हसले. काचेपलीकडे एमआरआयच्या तोंडातून त्यांचे दोन पायच बाहेर दिसत होते. टाचांना ह्या भल्या मोठ्या भेगा. अठ्ठावीस वर्षं या इमारतीतून स्ट्रेचर ढकलून ढकलून झालेल्या.

सगळं हॉस्पिटल त्यांना 'ड्रायव्हर' म्हणतं. माणसानं आयुष्यात स्टिअरिंगला हात लावलेला नाही, पण स्ट्रेचर हलवायच्या आधी "चला, गाडी सुटली!" म्हणणार आणि वळणावर तोंडानं हॉर्न वाजवणार. घाबरून अर्धमेला झालेला पेशंटसुद्धा हसतो. मी मात्र त्यांना मामा म्हणते. चोवीस वर्षं ते पेशंट आणतात, मी फोटो काढते, ते परत नेतात. अकरा वाजता चहा, चार वाजता चहा. खरं सांगायचं तर दिवसभरात "श्वास घ्या, सोडा, धरा" सोडून मी जे काही बोलते, ते या दोन चहांमध्येच. आई गेल्यापासून घरी बोलायला भिंती आहेत, आणि त्याही शेजाऱ्यांच्या.

तीन महिन्यांत मामांचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. मी म्हटलं, दाखवून घ्या. ते म्हणाले, बारीक झालो तर बरंच आहे, स्ट्रेचरला ओझं कमी. शेवटी मीच दंडाला धरून नेलं. सोनोग्राफीत स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ दिसली. कसली, ते सोनोग्राफीला सांगता येईना. म्हणून आज ते माझ्या टेबलावर होते.

आमचं हे मशीन काय बघतं, ते मी नव्या मुलींना असं सांगते : शरीरातलं पाणी सतत हलत असतं. जिथे पेशींची खच्चून गर्दी, तिथे त्याला हलायला जागा नाही, ते अडकतं. मशीन ते अडकलेलं पाणी हुडकून काढतं. अशी जागा एका चित्रात पांढरी उठते आणि दुसऱ्या नकाशात काळी. स्वादुपिंडात गाठीसारखी नुसती सूजही येते. एक गाठ संथ असते, तिच्यासोबत माणसं वर्षानुवर्षं जगतात. आणि एक अशी, की ती उसंतच देत नाही. प्रत्येकीची पाणी अडवायची तऱ्हा निराळी, म्हणून पाणी किती हलतं ते सांगणारा मशीनचा आकडाही प्रत्येकीचा थोडा वेगळा. आकडे एकमेकांत घुसतात, म्हणून निकाल डॉक्टरांनी द्यायचा. आम्ही तोंड उघडायचं नाही.

ते मला जमतं. बोगद्यातून बाहेर आलेला माणूस आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतो आणि त्याला तिथे काहीही सापडत नाही. वहिनी म्हणते, तुझा चेहरा म्हणजे रविवारचं बंद दुकान.

पण दोन वर्षांपूर्वी चहा पिता पिता मामा म्हणाले होते, "ताई, तुम्ही तोंडानं फसवता, हातानं नाही."

"म्हणजे?"

"फोटो चांगला असला की दारातूनच सांगता, उठा, त्या तुमच्या चपला. वाईट असला की स्वतः वाकता. चपला उचलून टेबलापाशी आणता, तोंडं बाहेरच्या बाजूला करून लावता."

"काहीतरीच काय!" मी भडकले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग स्वतःवर नजर ठेवली, तर काय, शंभर टक्के खरं! सवय मोडायचा प्रयत्न केला, पण अंगवळणी पडलेलं कुठे जातंय? शिवाय पेशंटला काय कळणार होतं? कळायचं ते मामांनाच. अशा पेशंटला नेताना ते हॉर्न वाजवत नाहीत, हेही माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

पडद्यावर चित्र उमटलं. पांढरं. मी नकाशा उघडला. त्याच जागी काळं.

मी त्यावर छोटं वर्तुळ ठेवलं, आकडा वाचला. वर्तुळ केसभर सरकवलं. तिसऱ्यांदा ठेवलं. आकडा काही हलायला तयार नव्हता.

"मामा, तुम्ही हललात. परत घेते."

"मी? अहो, मेलेला माणूसपण एवढा गप पडत नसेल."

"फालतू बोलू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की माइक किंचाळला. ते खरंच हलले नव्हते. मला दुसरं चित्र हवं होतं, एवढंच. दुसरंही तसंच आलं.

फोटो वाचणाऱ्या डॉक्टरबाई येऊन माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण नजर पक्की.

"स्वादुपिंडाची नळीही फुगलीये," त्या हळूच म्हणाल्या. "कल त्या वाईट जातीकडेच आहे. पण आकडे कधीकधी चकवतात, तुकडा तपासल्याशिवाय मी ठाम लिहिणार नाही. उद्या त्यांच्या डॉक्टरांसमोर नीट बसून सांगू. आज तुम्ही…"

"मी कधी बोललेय?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या. मी मनाशी ठरवलं, आजची एक रात्र या माणसाला शांत झोप मिळाली पाहिजे. उद्याचं उद्या.

दार उघडून आत गेले. मामांच्या चपला दाराशी पडल्या होत्या. एक सुलटी, एक उताणी. माझे हात शिवशिवले. मी ते एप्रनच्या खिशात कोंबले.

टेबल बाहेर सरकलं. मामा उठून बसले, पाय लोंबकळत. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. चपलांकडे बघितलं.

"उठा," मी म्हटलं, "त्या तुमच्या चपला."

अगदी रोजच्यासारखं म्हटलं. मला तरी तसं वाटलं.

ते गार फरशीवरून अनवाणी गेले, अंगठ्यानं उताणी चप्पल सुलटी केली आणि पाय सरकवले. "चला, गाडी सुटली!" आणि वळणावर चक्क हॉर्न वाजवला. मी भिंतीला टेकले. मामा फसले! देवा, फसले एकदाचे. आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

चार वाजता ते चहा घेऊन आले. माझ्या कपात साखर कमी, त्यांच्यात दोन चमचे जास्त, नेहमीसारखी.

"ताई, तुम्ही डबा त्या खोलीत एकट्या खाता, ते बंद करा," मध्येच म्हणाले. "खाली नर्सबाया बसतात. भांडतात, पण माणसं बरी आहेत."

"आता हे काय मध्येच? माझं डोकं खायला तुम्ही आहात ना?"

"आहे की," ते म्हणाले आणि फुंकर मारून चहा प्यायले. "तरी पण. सांगून ठेवलंय मी त्यांना. उद्यापासून जा."

"बघू."

"बघू नाही. जा."

मी वैतागले. दिवसभराचा ताण कुणावर तरी निघायचाच होता. म्हटलं, मला शिकवू नका. ते हसले, दोन्ही कप उचलले आणि गेले.

शेवटचा पेशंट साडेपाचला संपला. मी पडदे बंद केले, दिवे घालवले आणि बाहेर आले. आतल्या स्लीपर काढून बाहेरच्या चपला घालायच्या, हा माझा रोजचा क्रम. मी माझ्या चपला कधी धड काढत नाही. सकाळी घाईत एक इकडे, एक तिकडे भिरकावलेली असते, आणि संध्याकाळी ती शोधताना मी स्वतःलाच शिव्या घालते.

कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं. स्ट्रेचर भिंतीला लावलेलं, त्यावरची चादर घडी केलेली.

माझ्या चपला दारासमोर जोडीनं ठेवल्या होत्या. पुसलेल्या, नीट लावलेल्या, तोंडं बाहेरच्या बाजूला.

मी कितीतरी वेळ त्यांत पाय घातला नाही.