पिकअप सोडवायला गेलेली मंडळी

निवृत्ती प्यायला, हे औंढ्यात कुणाला नवीन नव्हतं. पोलिसांनी त्याला पिकअपसकट धरलं, हे मात्र नवीन होतं.

त्यातली पिकअप तेवढी शालनच्या जिवाला लागली. नवरा सकाळी पायी पायी घरी आला, चहा प्यायला, गप बसला. दारुड्याची लाज अशीच, चहाबरोबर येते आणि कप विसळेपर्यंत जाते. पण गाडी चौकीच्या आवारात उभी होती, आणि तिच्या हौदात शालनची सगळी पातेली, शेगड्या, पराती आदल्या संध्याकाळीच भरून ठेवलेल्या होत्या.

आज दुपारी तुंगार्लीच्या एका बंगल्यावर तळेगावच्या शिक्षकांचं स्नेहसंमेलन होतं. मासवडी, रस्सा, भाकरी, भात. शालनच्या बचत गटानं आजवर पापड लाटले, कुरडया घातल्या, पण आख्ख्या पंगतीचं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. जेवण वेळेवर पार पडलं तर संमेलन भरवणाऱ्या चंद्रिकाबाई आणखी चार बंगल्यांची कामं मिळवून देणार होत्या. नाही पडलं, तर लोणावळ्यात शनिवारी ताट वाढायला टपलेले काय कमी आहेत? बायकांना पुन्हा पापडच.

"भरल्या गाडीनं हळदीला जाऊ नका," असं ती पुतण्याच्या हळदीला निघालेल्या नवऱ्याला म्हणाली होती.

"गेलो आन् आलो," निवृत्ती म्हणाला होता. गेला तो खराच.

गावातल्या बाकीच्या गाड्या पहाटेच पर्यटक भरून लोहगडवाडीला गेलेल्या. तेव्हा सकाळी एका रिक्षात कोंबून घेऊन मंडळी चौकीवर निघाली. निवृत्ती, त्याचा धाकटा भाऊ सोपान, हळदीतले दोन मित्र, आणि कडेला अंग चोरून बसलेली शालन. तिला बरोबर घेणं भाग होतं, कारण गाडी तिच्या नावावर होती. सातबाऱ्यावर बाईचं नाव चढवताना गावाचा हात थरथरतो, पण महिलांच्या योजनेत कर्ज स्वस्त मिळतं म्हटलं की बाई एका दिवसात मालकीण होते. सह्या करायची मालकीण. किल्ली निवृत्तीच्या कमरेला.

चौकीत हवालदार हनुमंत खुर्चीत रेलून बसला होता. रात्रभराच्या नाकाबंदीनं त्याचे डोळे लाल झालेले, पण तोंड शाबूत होतं.

"निवृत्तीभाऊंची केस कोर्टात जाईल, ते वेगळं. गाडी मालकाला मिळेल. पण चालवून नेणार कोण?"

"मी की," सोपान छाती काढून पुढं झाला. "लायसन हाय. आन् लागलं तर आमच्या नेत्यास्नी फोन लावतो."

"लावा ना. त्यांना फुंकता येत असेल तर त्यांनाही बोलवा." हनुमंतनं टेबलावरचं दारू तपासायचं मशीन पुढं सरकवलं. "हितनं गाडी नेणारा आधी यात फुंकणार. मग किल्ली."

सोपाननं फुंकलं. मशीन केकाटलं.

"अवो साहेब, ती रातची हाय! आता सकाळ झाली!"

"तुमच्या पोटात अजून नाही झाली."

मग दोन्ही मित्र. एकाच्या फुंकरीला मशीन केकाटलं. दुसरा नळी बघताच "आलोच" म्हणून बाहेर गेला तो रस्ता ओलांडून टपरीच्या मागं दिसेनासा झाला. सोपान तापला. "गरिबालाच धरता तुमी! तितं तुंगार्लीच्या बंगल्यांत रातभर बाटल्या फुटत्यात, मुंबईच्या गाड्या झोकांड्या खात जात्यात, त्यास्नी कोन इचारतं?"

त्यात खोटं काही नव्हतं. पण खरं बोललं म्हणून तोंडाचा वास जात नाही.

शालनचा फोन वाजला. गटातली सारिका होती. "वहिनी, भाकऱ्यांची टोपली घेऊन आमी बंगल्यावर पोचलो. बेसन कशात हाटू? वंजळीत?"

"येतीया," शालन म्हणाली.

"माऊलीला बोलवा," निवृत्तीला एकदम सुचलं, आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. बरोबर! माऊली आबा. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, सप्ताहाचा विणेकरी, गावच्या व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष. दारूच्या दुकानावरून जाताना ते उपरणं नाकाला लावतात, हे सगळ्या मावळानं पाहिलेलं. आबांचा मळा जवळच होता. मोटारसायकलीवर मागं बसून ते आले तेव्हा हनुमंतसुद्धा खुर्चीतून अर्धा उठला.

"रामकृष्णहरी," आबा म्हणाले. "आना किल्ली."

"फुंकावं लागेल, आबा. नियम आहे."

आबांनी मशीनकडं पाहिलं. "इतक्या जनांची त्वांडं लागल्याली याला..."

"नळी दर वेळी नवी असते."

"मी माळकरी मानूस!"

"मग तर एका फुंकरीचं काम."

आबांनी डोळे मिटले आणि फुंकलं.

मशीन असं केकाटलं की बाहेर झोपलेलं कुत्रं उठून बसलं. हनुमंतनं आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि हळूच म्हणाला, "सोपानपेक्षा जास्त आहे."

"खोकल्याचं औषध," आबा म्हणाले.

"कुठल्या दुकानातलं? मलाही खोकला आहे."

सोपानचा ताप कुठल्या कुठं पळाला. "आबा, समितीची बैठक हितंच घ्यायची का? सभासद सगळे हजर हायेत!"

हसण्याचा असा स्फोट झाला की आतला साहेब बाहेर डोकावला. आबा उपरण्यानं तोंड पुसत राहिले. शालन मात्र हसली नाही. वर्षानुवर्षं हीच माणसं ओट्यावर बसून बायकांनी काय करावं ते सांगत आली होती. ती बाकावरून उठली.

"मी नेते."

"तू?" निवृत्ती म्हणाला. "तुला कुटं येतीया?"

"लायसन तुमीच काढून दिलंय, कर्जाच्या टायमाला. भाताची पोती शेतातनं कोन आनतं? तुमाला बसल्या जागी डुलकी लागते तवा?"

"शेत येगळं, हायवे येगळा. शनवारची गर्दी हाय. गाडी ठोकशील."

"ठोकली तर शुद्धीत ठोकीन." ती हवालदाराकडं वळली. "दादा, द्या ती नळी."

"ताई, तुम्ही नका फुंकू, दिसतंय की."

"दिसत तर आबांचंबी व्हतं."

तिनं फुंकलं. मशीन गप्प. हनुमंतनं ते कानाला लावून पाहिलं, मग सही घेऊन किल्ली तिच्या हातावर ठेवली. "सकाळपासून पहिल्यांदा गप बसलंय बिचारं."

ती पिकअपमध्ये चढून बसली. शेताचा रस्ता तिला माहीत होता, लोणावळ्याच्या गर्दीत गाडी घालणं माहीत नव्हतं. पहिल्याच झटक्याला गाडी बंद पडली, आणि हौदात चढलेले चारही पुरुष एकदम बोलू लागले. क्लच सोड. रेस दे. हँडब्रेक काढ.

तिनं खिडकीतून मान बाहेर काढली. "ज्याला तोंड उघडायचं त्यानं मशीनपाशी परत जावं. बाकीच्यांनी पातेली धरा."

पातेली धरली गेली. तिनं पुन्हा किल्ली फिरवली. चिक्कीच्या दुकानांसमोर आडव्या लावलेल्या गाड्या, मधेच थांबून फोटो काढणारी पोरं, मागून कोकलणारे हॉर्न. ती कुणालाही न घाबरता नव्हे, सगळ्यांना घाबरत, पण गाडी न थांबवता तुंगार्लीच्या चढाला लागली. चढावर गिअर बरोबर पडला तेव्हा तिच्या तोंडून आपोआप शिवी निघाली, आनंदाची.

बंगल्याच्या दारात चंद्रिकाबाई घड्याळ बघत उभ्या होत्या. "शालनताई, उशीर झालाय. जमणार आहे का? नाहीतर मी बाहेरून मागवते, स्पष्ट सांगा."

"दोन हात कमी व्हते म्हनून उशीर झाला, बाई. आता आठ जादा आनल्यात." तिनं हौदाचं फळकं खाली पाडलं. "उतरा. सोपान, शेगड्या पेटव. आबा, लसूण सोला. अवो, तुमी कांदं घ्या. बारीक पायजेत."

निवृत्ती काही बोलणार होता. पण आतून शिक्षक मंडळी कुतूहलानं बघत होती, आणि सारिकानं त्याच्या हातात विळी दिलीसुद्धा. तो मांडी घालून बसला.

पंगत थोडी उशिरा बसली, पण बसली. मासवडीचा पहिला घास घेऊन एका म्हाताऱ्या गुरुजींनी डोळे मिटले, मग चंद्रिकाबाईंना विचारलं, "पुढच्या महिन्यात आमच्या बॅचचंही आहे. या बायका येतील का?"

"येतो," शालन रश्शाचं पातेलं पुढं ओढत म्हणाली. "कुटं यायचं तेवढं सांगा."